उरलेल्या गोळ्या गरजूंना फुकट वाटणं हा गुन्हा आहे का?

प्रश्न : वडील वारल्यावर त्यांच्या हृदयविकाराच्या गोळ्या घरात उरल्या. बाजारात तुटवडा असल्यामुळे ओळखीच्या दोन रुग्णांना मी त्या दिल्या. मग इतरांनीही शिल्लक पट्ट्या आणून दिल्या आणि मी व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्या वाटू लागले. एक पैसाही घेत नाही. परवा एका औषध विक्रेत्याने 'पोलिसांत देईन' असा दम भरला. माझं काही चुकतंय का?

उत्तर : चुकतंय. वाटप आजच थांबवा.

पैसे घेत नाही म्हणून गुन्हा नाही, हा बचाव इथे टिकत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम १८(सी) नुसार परवान्याशिवाय औषधांचं वितरणही करता येत नाही. कलम २७ खाली त्याला किमान तीन वर्षं कैद आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत दिल्लीत मोफत औषधं देणाऱ्या एका प्रतिष्ठानाविरुद्ध याच कलमांखाली खटला दाखल झाला होता. पहिल्या दोन रुग्णांवरून कुणी तुम्हाला कोर्टात खेचेल असं मला वाटत नाही. पण गोळ्या जमवणं, साठवणं आणि ग्रुपवर जाहीर करणं म्हणजे रीतसर वितरणच झालं.

शिक्षेपेक्षाही मला काळजी वाटते ती गोळ्यांची. मेटोप्रोलॉल या हृदयाच्या औषधाचंच बघा. ते सक्सिनेट आणि टार्ट्रेट अशा दोन प्रकारांत येतं. सक्सिनेटची गोळी दिवसभर हळूहळू विरघळते, टार्ट्रेटची बहुधा दिवसातून दोनदा घ्यावी लागते. पट्टीवर दोन्हीकडे 'मेटोप्रोलॉल ५०' दिसतं आणि देणाऱ्याला वाटतं, एकच आहे. त्यातून कात्रीने कापलेल्या अर्ध्या पट्टीवर मुदत आणि बॅच नंबर राहिलेलाच नसतो. अशी गोळी घेऊन कुणी दगावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ पर्यंत, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या आरोपापर्यंत, प्रकरण जाऊ शकतं.

मग मदत करायचीच नाही का? करा, पण गोळी तुमच्या हातून जाऊ देऊ नका. कुठल्या दुकानात साठा आहे हे कळवायला परवाना लागत नाही. रुग्णाची चिठ्ठी घेऊन त्याच्याच नावाच्या बिलावर, त्याच्यासाठी औषध आणून देणं हे माझ्या मते वितरणात मोडत नाही. चिठ्ठ्यांचे फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका, आजार हा ज्याचा त्याचा खासगी मामला आहे.

खरी अडचण बहुतेकदा चिठ्ठीतच असते. ब्रँडचं नाव लिहिलेलं असेल तर तेच घटक असलेली दुसऱ्या कंपनीची गोळीही औषध विक्रेता देऊ शकत नाही. १९४५ च्या नियमांतला नियम ६५ त्याला अडवतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. डॉक्टरांकडून जेनेरिक नावाने, म्हणजे ब्रँडऐवजी औषधातल्या घटकाच्या नावाने, चिठ्ठी लिहून घ्या. सक्सिनेट की टार्ट्रेट, मात्रा किती, सगळं सुवाच्य अक्षरात हवं. एकाच चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा औषध हवं असेल तर तसंही त्यांनी लिहिलं पाहिजे. मूळ औषध मिळतच नसेल तर पर्याय डॉक्टरच ठरवतील. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांमुळे जुन्या रुग्णाचं चालू औषध फोन किंवा व्हिडिओवरून बोलूनही लिहून देता येतं. तोवर मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गटातली गोळी एकदम बंद करू नये, हे ग्रुपवर जरूर सांगा. ती अचानक सुटली तर हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका असतो.

दुकानात माल असून नाकारला, तर ते औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ च्या परिच्छेद २८ चं उल्लंघन आहे. एमआरपीपेक्षा जास्त पैसे मागणंही बेकायदा. दोन्हींची तक्रार एनपीपीएच्या (औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या) 'फार्मा जन समाधान' पोर्टलवर किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करा. याच आदेशाप्रमाणे किंमत नियंत्रणाखालचं औषध बंद करायचं असेल तर कंपनीला किमान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी लागते. तशी सूचना निघाली होती का, हेही तक्रारीत विचारा.

राहिला त्या विक्रेत्याचा दम. ती काही नोटीस नव्हे, त्याला लेखी उत्तर देत बसू नका. जमलेल्या पट्ट्या ज्यांच्या त्यांना परत करा. ज्यांना गोळ्या दिल्या त्यांना डॉक्टरांना दाखवून खात्री करायला सांगा. ग्रुपवरचे जुने मेसेज मात्र डिलीट करू नका; पुढे चौकशी झालीच तर पुरावा नष्ट केल्याचा संशय तुमच्यावरच येईल. औषध निरीक्षक आलेच तर त्यांना अडवू नका, पण जबाबावर सही करण्याआधी वकिलाला बोलवा.