ओल्डचं शेअर करू का?

प्रश्न: ताई, मी हिंजवडीत रात्रपाळीला मेनफ्रेमवर बॅच सपोर्ट करते, म्हणजे आपोआप चालणाऱ्या जॉबांवर लक्ष ठेवते. क्लायंट ब्रिटनमधला आहे, त्यांची रात्रीची बॅच आमच्या पहाटे चालते. एक जॉब अधूनमधून ‘वेटिंग फॉर डेटासेट्स’ म्हणून अडकतो. तो डेटासेट, म्हणजे फाइल, तर जॉबच्या पाचव्या स्टेपला लागतो, मग पहिली स्टेपसुद्धा का सुरू होत नाही? आमचे सीनियर म्हणतात, डिस्प ओल्ड (फाइल एकट्यासाठी) आहे तिथे शेअर (सामायिक) कर आणि मोकळी हो. करू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: थांब जरा. पाचव्या स्टेपचा प्रोग्राम त्या फाइलचं काय करतो ते आधी बघ. जेसीएल, म्हणजे जॉबच्या स्टेप आणि फाइली सांगणाऱ्या ओळी, वाचून ते कळणार नाही, प्रोग्रामचा कोबोल सोर्सच उघडावा लागेल. ओपन इनपुट (नुसतं वाचणं) असेल, तर ज्याने ओल्ड लिहिलं त्याने जुन्या जॉबची नक्कल मारली असणार. चेंज रिक्वेस्ट टाक आणि शेअर कर. ओपन आउटपुट, एक्स्टेंड किंवा आय-ओ (म्हणजे लिहिणं आलं) दिसलं, तर सीनियरना माझा नमस्कार सांग आणि हात लावू नकोस.

आता पहिली स्टेप का अडकते ते. इनिशिएटर, म्हणजे जॉब चालवणारा सिस्टिमचा भाग, जॉब उचलतो तेव्हा कुठलीही स्टेप सुरू करण्याआधी अख्ख्या जेसीएलमधल्या डेटासेटची नावं गोळा करतो आणि ‘सिस-डीएसएन’ या नावाखाली त्या सगळ्यांवर एन्क्यू, म्हणजे ताबा, मागतो. एखाद्या डेटासेटला सगळीकडे शेअर असेल तर सामायिक एन्क्यू. पण एका जरी स्टेपमध्ये ओल्ड, न्यू (नवी फाइल) किंवा मॉड (शेवटी भर घालणं) असेल, तर पहिल्यापासूनच एकट्यासाठी. म्हणजे पहिल्या चार स्टेपना तू शेअर दिलंस तरी पाचवीतल्या ओल्डमुळे त्याचा काही उपयोग नाही. तो ताबा सुटतो ती फाइल वापरणारी शेवटची स्टेप संपल्यावर.

झेड ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २.१ पासून जॉब कार्डावर (जेसीएलच्या सुरुवातीच्या ओळीत) ‘डीएसएन्क्यूशेअर’ देता येतं. ओल्डवाली स्टेप संपली आणि पुढच्या स्टेपना शेअर पुरत असेल, तर ताबा सामायिक होतो. मागे खोळंबलेल्यांची त्यामुळे लवकर सुटका होते. तुझ्या जॉबचं सुरुवातीचं ताटकळणं मात्र यामुळे टळत नाही. त्यासाठी पाचवी स्टेप वेगळ्या जॉबमध्ये काढून शेड्यूलरमध्ये पहिल्यामागे लावणं बरं.

आणि तुझा जॉब नुसता बसून राहत नाही, दुसऱ्यांनाही बसवतो. एन्क्यूची रांग आलेल्या क्रमाने चालते. ओल्ड मागणारा रांगेत उभा राहिला की त्याच्यामागून आलेले शेअरवाले, ज्यांना खरं तर लगेच फाइल मिळाली असती, तेही थांबतात. शिवाय प्रत्येकाने एकेक इनिशिएटर अडवून धरलेला. पहाटे एका जॉबमुळे पाच जॉब लटकलेले दिसतात ते असे.

म्हणून फाइल कोणी धरली आहे ते आधी शोधायचं. ऑपरेटरला ‘डी जीआरएस’ कमांडमध्ये (जीआरएस म्हणजे एन्क्यू सांभाळणारा सिस्टिमचा भाग) रेस म्हणून सिस-डीएसएन आणि डेटासेटचं नाव द्यायला सांग. कोणाकडे आहे, कोण वाट बघतोय, सगळं समोर येतं. माझा अनुभव विचारशील तर बहुतेक वेळा चोर बॅचमध्ये नसतोच. कोणीतरी टीएसओमध्ये, म्हणजे स्वतः लॉगिन करून, ती फाइल ब्राउझला उघडून चहाला गेलेलं असतं. ब्राउझ म्हणजे शेअर, आणि शेअर असलं तरी तुझ्या ओल्डला ते पुरून उरतं. आधी आपल्याच टीमच्या ग्रुपवर विचार, मग ब्रिटनला फोन लाव.

आता सीनियरच्या सल्ल्यातला धोका. शेअर लिहिलं की आपण फक्त वाचणार, असं सिस्टिम मानत नाही. दुसऱ्याने त्याच वेळी फाइल वापरली तरी चालेल, एवढंच तू तिला सांगतेस. त्यानंतर प्रोग्रामने फाइल लिहायला उघडली तर सिस्टिम तिकडे लक्षच देत नाही. अधिकार तपासणारं रॅकफ अडवतं, पण अधिकार नसेल तरच, आणि प्रॉडक्शनच्या आयडीला तो असतोच. साध्या सीक्वेन्शियल फाइलवर शेअर देऊन दोन जॉब एकदम लिहू लागले, तर दोघेही सुरुवातीपासून एकमेकांवर लिहितात. दोघांचा रिटर्न कोड शून्य, म्हणजे चूक नाही! मी सिस्टिम प्रोग्रामर असताना एका बँकेत हे पाहिलंय. सकाळी बेरजा जुळेनात आणि लॉगमध्ये मात्र सगळं आलबेल.

पीडीएस (अनेक मेंबर असलेली लायब्ररी) निदान आरडाओरडा करते. एकाने लिहायला उघडलेली असताना दुसरा तसाच आला की २१३-३० ॲबेंड, म्हणजे जॉब मध्येच बंद. व्हीसॅम या दुसऱ्या प्रकारच्या फाइलींची तऱ्हा आणखी वेगळी: शेअर दिल्यावर क्लस्टरचे, म्हणजे त्या फाइलीचे, शेअरऑप्शन्स (सामायिक वापराचे नियम) लागू होतात. मुळात ते १ आणि ३ असतात. पहिला आकडा एकाच सिस्टिमवरच्या जॉबांसाठी: १ म्हणजे कितीही वाचणारे किंवा एक लिहिणारा. किक्सने (ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या सिस्टिमने) फाइल लिहायला उघडी ठेवली असेल, तर तुझ्या कोबोलला फाइल स्टेटस ९३, म्हणजे फाइल उपलब्ध नाही, असं मिळेल. तिथे किक्समधून ती बंद करून घ्यायची, कमांड ‘सेम्ट सेट फाइल क्लोज्ड’. २ असेल तर एक लिहिणारा आणि बाकीचे वाचणारे चालतात, पण वाचणाऱ्याला ताजंच दिसेल याची हमी नाही. पहिल्या जागी ३ दिसला, तर तो कोणी आणि कशासाठी दिला हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नसे. तिथे सगळी जबाबदारी प्रोग्रामवर असते.

प्रश्न: आयएसपीएफमध्ये, म्हणजे टीएसओवरच्या एडिटरमध्ये, आम्ही दोघं एकाच लायब्ररीत एडिट करतो. दोघांचं शेअर असूनही मेंबर का बिघडत नाही?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: एडिटर ‘एसपीएफ-एडिट’ नावाचा आणखी एक एन्क्यू घेतो, लायब्ररी आणि मेंबर मिळून. तोच मेंबर दुसऱ्याने उघडला की ‘इन यूज’ येतं. पण हा एन्क्यू एडिटरचा. बॅचमधून आयईबीजेनर या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने शेअर देऊन त्याच मेंबरवर लिहिलं, तर तो इकडे बघतही नाही.

प्रश्न: आमची टेस्टची फाइल वेगळ्या व्हॉल्यूमवर (डिस्कवर) आहे, कॅटलॉगमध्येही नाही. तरी प्रॉडक्शनचा जॉब तिच्यामुळे कसा अडतो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाव एकच ठेवलंत म्हणून. सिस-डीएसएनमध्ये फक्त डेटासेटचं नाव जातं, व्हॉल्यूम नाही. टेस्टच्या फाइलच्या नावाचं पहिलं क्वालिफायर (पहिल्या टिंबाआधीचा भाग) बदला. आणि जीआरएसमध्ये नसलेल्या सिस्टिमवरून तीच डिस्क कोणी वापरत असेल, तर याच्या नेमकं उलट घडतं: नाव एक, फाइलही एक, आणि अडवणारं कोणीच नाही. आहे का तसं काही तुमच्याकडे? स्टोरेजवाल्यांना विचारून घ्या.