रेल्वे आली, पण हमी कोणी भरली?

अरे, ठाण्यात राहून रविवारी इंग्रजी साम्राज्यवादावर बोलायचं म्हणजे पहिलं वाक्य तुझ्या तोंडात तयारच असणार: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, देशातली पहिली प्रवासी गाडी. मीही आपल्या मंडळात तिथूनच सुरुवात केली होती. समोरच्या काकूंनी चष्मा पुसत शांतपणे विचारलं, "पैसे कोणाचे रे?" माझी बोबडी वळली.

म्हणून आधी हिशेब बघ. रेल्वे कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. कमाई कमी पडली की फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचा, म्हणजे शेवटी शेतसारा भरणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशातून. भागधारक बहुतेक विलायतेतले. दादाभाई नौरोजी संपत्तीच्या निःसारणाबद्दल, म्हणजे देशाचा पैसा विलायतेला वाहून जाण्याबद्दल, बोलतात, ते असल्याच व्यवहारांवरून.

पण लगेच दुसऱ्या टोकाला पळू नकोस. 'इंग्रजांआधी सगळं सोन्याचं होतं' म्हणालास की कोणीतरी पेशवाईतल्या जातिजुलमावर लिहिणाऱ्या जोतीराव फुल्यांचं नाव काढणारच, आणि ते रास्तच आहे. मात्र फुल्यांना इंग्रजांचे भाटही करू नकोस. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनीच सुनावलं, की महसूल रयतेच्या घामाचा आणि सरकारचा शिक्षणखर्च वरच्या वर्गांवर! हे निवेदन आधी वाच, नौरोजी नंतर.

'इंग्रजी राज्य चांगलं की वाईट' विचारलं तर उलट विचार: कोणाला?

रविवारी येताना चिठ्ठीवर फक्त सालं आणि आकडे आण. अख्खं भाषण नको. वाचून दाखवणाऱ्यांना काकू अजूनही सोडत नाहीत.