सगळ्यांच्या पाठीवर 42 का?

प्रश्न : सर, आंब्याच्या पेट्या भरायची गडबड चालू होती आणि पुतण्याने सकाळी सकाळी मोबाईलवर अमेरिकेतली बेसबॉलची मॅच लावली. बघतो तर दोन्ही टीममधल्या प्रत्येकाच्या पाठीवर एकच नंबर, 42. असं का?
(एक वाचक, दापोली)

उत्तर : दादा, तुम्ही बघितलंत ती 16 एप्रिलची सकाळ असणार, कारण तेव्हा तिकडे 15 एप्रिलची रात्र असते, आणि त्या दिवशी 2009 पासून सगळे खेळाडू, अगदी अंपायरसुद्धा, 42 नंबरच घालतात. हा नंबर जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूचा.

15 एप्रिल 1947 ला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर तो डॉजर्स या टीमकडून पहिली मॅच खेळला. वय 28. त्याआधी साठेक वर्षं मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या बेसबॉल स्पर्धेत, काळ्या माणसाला घेतच नव्हते, कितीही चांगला खेळला तरी. त्या दिवशी त्याला एकही हिट मिळाली नाही, म्हणजे फटका मारून बेस (धावताना गाठायचा टप्पा) गाठता आला नाही, पण सातव्या इनिंगला डॉजर्स 3-2 ने मागे असताना त्याने बंट केला, म्हणजे बॅट आडवी धरून बॉल नुसता पुढ्यात पाडला आणि पहिल्या बेसकडे जीव तोडून धावला, फील्डरने घाईत फेकलेला बॉल त्याच्या खांद्याला लागून लांब गेला आणि हा थेट दुसऱ्या बेसवर! मग साथीदार पीट रायझरच्या फटक्यावर सगळे बेस फिरून घरी, म्हणजे बॅटिंगच्या जागी, पोचला, आघाडीचा रन त्याचाच, मॅच 5-3 ने डॉजर्सची. मला तर हा रन सिक्सरपेक्षा मोठा वाटतो, नुसत्या पायांवर काढलेला.

आपल्याला हे काही परकं नाही हो. आपला क्रिकेटर बाळू पालवणकर, आडनावच कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 विकेट काढल्या त्याने, आणि पुण्यात खेळायचा तेव्हा दलित म्हणून त्याला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात द्यायचे. त्याच्या बॉलिंगवर हिंदूंची टीम मॅच जिंकायची पण कप्तानपद त्याला कधी दिलंच नाही, ते 1923 मध्ये त्याचा भाऊ विठ्ठलला मिळालं. हे वाचताना माझा अजून जीव तुटतो. पुतण्याला बाळूचंही नक्की सांगा.

तर 42 चं पुढे असं झालं की 15 एप्रिल 1997 ला, पन्नास वर्षं झाली म्हणून, हा नंबर सगळ्याच टीमनी कायमचा बाजूला ठेवला. तेव्हा जे आधीपासून घालत होते त्यांना तेवढी मुभा दिली. त्यातला शेवटचा यांकीज टीमचा मारियानो रिव्हेरा, तो 2013 मध्ये रिटायर झाला, आणि आता तिकडे 42 दिसतो तो 15 एप्रिललाच.