असाइनमेंटमध्ये चॅटजीपीटी वापरलं तर त्याचा संदर्भ कसा द्यायचा?

एमएच्या असाइनमेंटसाठी चॅटजीपीटीची मदत घेतली, आता संदर्भसूचीत काय लिहू, असं तुम्ही विचारलंय. आधी त्या विषयाच्या सरांना किंवा मॅडमना ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. परवानगीच नसेल तर संदर्भ कितीही नीट दिलात तरी नियम मोडलेलाच राहतो.

परवानगी असेल तर पुढचं संदर्भ देण्याच्या शैलीवर (एपीए, एमएलए की शिकागो) अवलंबून. एपीएने २०२३ साली दिलेल्या नमुन्यात लेखकाच्या जागी कंपनी येते: ओपनएआय, कंसात वर्ष, मग तिरप्या अक्षरांत चॅटजीपीटी, कंसात आवृत्ती, चौकटी कंसात ‘लार्ज लँग्वेज मॉडेल’ आणि शेवटी लिंक. एमएलएत लेखक लिहायचाच नाही. नोंद तुमच्या प्रॉम्प्टपासून, म्हणजे चॅटजीपीटीला विचारलेल्या प्रश्नापासून, सुरू होते, तोही अवतरणचिन्हांत. पुढे साधनाचं नाव, आवृत्ती, कंपनी, तारीख, लिंक. बरेच जण या दोन्हींची खिचडी करतात. शिकागोत सहसा तळटीप पुरते.

आवृत्ती आणि तारीख त्याच दिवशी टिपून ठेवा. तोच प्रश्न उद्या विचारलात तर उत्तर वेगळं येऊ शकतं, म्हणून पूर्ण संवाद परिशिष्टात जोडलेला बरा.

फक्त भाषा सुधारून घेतली असेल तर, वेगळी सूचना नसल्यास, शेवटी एक निवेदन द्या: ‘परिच्छेद २ ते ४ मधील वाक्यरचना सुधारण्यासाठी चॅटजीपीटी वापरले. मुद्दे आणि निष्कर्ष माझे आहेत.’ ‘एआयची मदत घेतली’ एवढंच मोघम लिहू नका.

खरा घात होतो तो चॅटजीपीटीने सुचवलेल्या संदर्भांत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले दाखले म्हणून दिल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला होता. प्रत्येक संदर्भाचा डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ऑनलाइन क्रमांक) उघडून बघा. कधी जर्नल खरं, खंड खरा, पण त्या पानावर भलताच लेख असतो. मूळ लेख सापडला तर तो वाचा आणि त्याचाच संदर्भ द्या. एखाद्या वस्तुस्थितीचा आधार म्हणून चॅटजीपीटी कधीच दाखवू नका.

आणि यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांतल्या १० टक्क्यांवर विसंबू नका. ती मर्यादा मजकुरातल्या साम्याची आहे. टर्निटिन या साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एआय-लेखनाचा आकडा वेगळा येतो, आणि तो चुकूही शकतो. अशा वेळी तुमचे कच्चे मसुदे आणि जपून ठेवलेला संवादच दाखवता येतो.