पिसात कुठला पाऊस आहे?

प्रश्न : नमस्कार ताई, मी रोज सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरायला जातो, नातू सोबत असतो. जानेवारीत त्याला काठावर बदकाचं एक पीस सापडलं, राखाडी-तपकिरी, बोटाएवढं. तो म्हणतो लॅबमध्ये दिलं तर बदक सायबेरियातून आलं का ते कळतं. खरंच कळतं का हो?
— एक आजोबा, प्रतापनगर

उत्तर : काका, नातू बरोबर बोलतोय, पण ते पीस पंखातलं की अंगावरचं यावर सगळं अवलंबून आहे.

आधी पावसाचं बघू. पाण्यातल्या हायड्रोजनमध्ये साधारण ६४०० अणूंमागे एक अणू जड असतो, त्याला ड्यूटेरियम म्हणतात. ढगातून हे जड अणू असलेलं पाणी आधी पडतं, त्यामुळे ढग समुद्रापासून जसजसा आत, उंचावर किंवा थंड उत्तरेकडे जातो तसतसा त्याचा पाऊस हलका, म्हणजे कमी जड अणूंचा, होत जातो. हे नुसतं तर्काने म्हटलेलं नाही, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना मिळून १९६१ पासून जगभरच्या पावसाचे नमुने मोजतायत. तेच पाणी वनस्पतीत, किड्यात आणि शेवटी पक्ष्याच्या पिसात येतं, आणि पीस म्हणजे आपल्या नखासारखं केराटिन, एकदा वाढून झालं की त्यात बदल होत नाही. पक्षी पुढे हजारो किलोमीटर उडाला तरी पिसात पाऊस तिथलाच राहतो जिथे ते पीस वाढलं. १९९७ मध्ये कीथ हॉबसन आणि लेन वॉसेनार यांनी उत्तर अमेरिकेतल्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांवर हे करून दाखवलं.

आता बदकांची गंमत. तिकडचा उन्हाळा संपताना तलवार बदक, थापट्या वगैरे पाहुणी बदकं आपली पंखातली सगळी मोठी पिसं एकदम टाकतात, तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही, आणि हे सगळं तिकडे उत्तरेतच होतं. म्हणजे पंखातलं मोठं पीस असेल तर तिकडचा पत्ता लागू शकतो. पण अंगावरची बरीच पिसं नंतर, शरद-हिवाळ्यात बदलतात, तेव्हा बोटाएवढं पीस अंगावरचं असेल तर ते कदाचित विदर्भातच वाढलेलं असेल! शिवाय ते आपल्या इथल्याच हळदी-कुंकू बदकाचं असू शकतं, ते तर बारा महिने इथेच असतं.

एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार पिसं गोळा करून घरी ठेवता येत नाहीत, अभ्यासासाठी सुद्धा वनविभागाची परवानगी लागते. बाजूला पट्टी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा, तारीख लिहा, पीस तिथेच राहू द्या आणि नातवाचे हात साबणाने धुवा. फोटोवरूनही अनेकदा पक्षी ओळखता येतो.

प्रश्न : ताई, उमरेडकडे पारडगावच्या तलावावर पट्टकादंब बघितले. त्यांचंही पिसावरून सांगता येईल का? आणि आता जीपीएस टॅग आहेत ना, मग पिसाची काय गरज?
— बीएस्सी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, मानेवाडा

उत्तर : पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेला रानहंस, इथे अवघड गिऱ्हाईक आहे बघ. तो तिबेट, मंगोलिया या भागात अंडी घालतो. तिबेटचा पाऊस उंचीमुळे हलका, सायबेरियाचा उत्तरेच्या थंडीमुळे हलका, दोघांचे आकडे जवळजवळ येऊ शकतात. म्हणून पीस कधीच गाव सांगत नाही, लांबलचक पट्टा सांगतं.

दुसरी अडचण पाणपक्ष्यांची खास आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मे महिन्यात घरातला कूलर दिवसभर चालवला की टाकीत जे पाणी उरतं ना, ते भरलेल्या पाण्यापेक्षा जड असतं, कारण हलकं पाणी आधी वाफ होऊन जातं. उथळ किंवा खारट तळ्याचं अगदी तसंच होतं. अशा तळ्यातलं खाऊन वाढलेलं पीस जड निघतं, आणि आपण समजतो की पक्षी बराच दक्षिणेकडचा आहे. म्हणून नुसत्या पावसाच्या नकाशावर विसंबायचं नाही, त्या भागातल्या पिलांची, ज्यांचा जन्म आपल्याला माहीत आहे त्यांची पिसं आधी मोजायची.

टॅगचं म्हणशील तर तो महाग, थोड्याच पक्ष्यांना लावता येतो. पक्ष्यांच्या पायात नंबराचं वळं घालायचं काम बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने) १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू केलं, पण वळं लावलेला पक्षी पुन्हा कुणाला तरी सापडावा लागतो. पिसाला पक्षी एकदाच हातात आला की पुरे. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले, त्यात पट्टकादंब खूप होते, तेव्हापासून कुठला थवा कुठून येतो हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा राहिलेला नाही.

लॅबचं काम नाजूक असतं. पीस क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये धुतात, तेल-मळ काढतात, मग दांडा सोडून बाजूचा भाग कापून मिलिग्रॅमचा तिसरा हिस्साच चांदीच्या इवल्याशा कपात भरतात आणि १३०० अंशांच्या वर तापवून निघणारा वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे जड-हलके अणू वेगळे मोजणाऱ्या यंत्रात, सोडतात. केराटिनचा थोडा हायड्रोजन हवेतल्या दमटपणाशी अदलाबदल करत राहतो, त्यामुळे माहितीतले केराटिनचे नमुने सोबत ठेवावेच लागतात, नाहीतर जुलैचा आकडा वेगळा आणि जानेवारीचा वेगळा.

प्रश्न : इथे आल्यावर बदकं आमच्या बांधीतलं धान खातात का, हे पिसावरून कळेल?
— एक शेतकरी, रामटेक

उत्तर : उत्तरेत वाढलेल्या पिसावरून नाही कळणार दादा. त्यासाठी रक्ताचा थेंब लागतो, ते सतत नवं होत असतं. त्यात कार्बन बघतात. धान, गहू, सोयाबीन यांचा कार्बन एका प्रकारचा, ज्वारी, मका, ऊस यांचा दुसऱ्या प्रकारचा, एवढं नक्की वेगळं करता येतं. पण धान की गहू, ते नुसत्या कार्बनवरून नाही सांगता येत, त्यासाठी रात्री बांधीवर जाऊन बसावंच लागेल.