पुस्तकातला राक्षस टेबलावर आणताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (फासे टाकत, गोष्ट रचत टेबलावर खेळायचा खेळ) खेळणाऱ्यांची पत्रं जास्त आहेत. खालचे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांप्रमाणे दिले आहेत. पकडीच्या नियमात २०२४च्या नियमांनी फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यातला राक्षस ग्रेंडेल मला चौथ्या लेव्हलच्या चार खेळाडूंसमोर आणायचा आहे. काव्यात त्याच्यावर कुठलंही शस्त्र चालत नाही. तसंच ठेवलं तर 'फायटर' (लढवय्या) आणि 'रोग' (चोरटा) ही पात्रं खेळणारे नुसते बसून राहतील. ते काढून टाकलं तर तो साधा ओगर (नुसता दांडगा राक्षस) होतो. मधला मार्ग आहे का? *– एक वाचक, ठाणे*

उत्तर : मधला मार्ग नको, शस्त्र न चालणं ठेवाच. राक्षस आकड्यांनी ओळखला जात नाही. तो काय करतो, कशाला दाद देत नाही आणि शेवटी कशाने हरतो, या तीन गोष्टींनी तो ओळखला जातो. काव्य पुन्हा वाचून या तीन ओळी आधी कागदावर लिहा. ग्रेंडेल रात्री राजाच्या सभागृहात शिरतो आणि झोपलेल्या योद्ध्यांना उचलून नेतो. पात्याने त्याच्या अंगावर ओरखडाही उठत नाही. बेओवुल्फ त्याला नुसत्या हातांनी धरून ठेवतो आणि त्याचा हात खांद्यापासून उपटतो, तिथे तो हरतो. तिसरी ओळ नियमांत उतरली नाही, तर दुसरी ओळ निव्वळ अन्याय ठरते. तुमच्या खेळाडूंचं 'नुसतं बसून राहणं' तिथूनच येतं.

आता आकडे. चौथ्या लेव्हलच्या चौघांसाठी 'हार्ड' लढत १५०० एक्सपीला (अनुभवाच्या गुणांना) सुरू होते आणि 'डेडली' २००० ला. चॅलेंज रेटिंग (राक्षसाच्या ताकदीचा आकडा) ५ म्हणजे १८०० एक्सपी, म्हणून ५ धरा. डंजन मास्टर्स गाइडमधल्या (खेळ चालवणाऱ्याच्या पुस्तकातल्या) तक्त्यात ५ साठी आर्मर क्लास (वार बसायला गाठायचा आकडा) १५, हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) १३१ ते १४५ आणि दर फेरीचं नुकसान ३३ ते ३८ आहे. इथे बरेच जण १४० हिट पॉइंट लिहून वर शस्त्रांची इम्युनिटी (शस्त्रांनी काहीच इजा न होणं) देतात आणि लढत दोन तास रेंगाळते. रेटिंग ५ ते १० मध्ये अशी इम्युनिटी हिट पॉइंट दुप्पट असल्यासारखी मोजायची असते. म्हणून प्रत्यक्षात निम्मेच द्या : ८डी१०+२४ (दहा बाजूंचे आठ फासे अधिक २४), म्हणजे सरासरी ६८. हल्ल्याच्या फाशात +७ धरा, १३ सरासरीचे (२डी८+४) दोन पंजे आणि ९ सरासरीचा (१डी१०+४) एक चावा. एकूण ३५ होतात. चौथ्या लेव्हलच्या फायटरकडे साधारण ३६ हिट पॉइंट असतात. तिन्ही घाव एकाच फेरीत त्याच्यावर बसले तर तो आडवा होऊ शकतो, म्हणून पहिल्या फेरीत पंजे दोन वेगळ्या जणांवर चालवा.

पकडीचा नियम मात्र नीट पाहा, कारण सारी लढत त्यावर उभी आहे. आपल्याहून फार तर एका आकाराने मोठ्या प्राण्याला ग्रॅपल करता (पकडता) येतं, म्हणून ग्रेंडेल 'लार्ज'च ठेवा. भव्य दिसावा म्हणून 'ह्यूज' केलात तर त्याला हरवायचा एकमेव मार्ग बंद होतो. दुसऱ्या एखाद्या राक्षसाचा स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) नकलताना 'ग्रॅपल्ड'ची इम्युनिटीही सोबत येऊ शकते, ती खोडा. त्याला ॲथलेटिक्समध्ये (अंगबळाच्या कौशल्यात) प्रोफिशियन्सीही (नैपुण्याची जादा भर) देऊ नका. फायटरचं ॲथलेटिक्स +६ असतं. ग्रेंडेलचं +७ असेल तर फायटर प्रत्येक झटापट (दोघांनी फासा टाकायचा, मोठा आकडा जिंकतो) सुमारे ४३ टक्के वेळा जिंकतो, +४ असेल तर ५७ टक्के. सोबत्याने 'हेल्प' केलं की शक्यता आणखी वाढते, आणि रोगलाही काम मिळतं. पकडायला एक हात मोकळा लागतो, म्हणजे ढाल-तलवारवाल्याला काहीतरी खाली टाकावं लागेल. त्याने तलवार टाकली, तर तो क्षण घाईत उरकू नका.

पकड बसल्यावर पुढच्या प्रत्येक पाळीत ॲक्शन खर्चून पुन्हा ॲथलेटिक्सची झटापट. जिंकली तर २डी१०+४ नुकसान, आणि हे शस्त्राचं नाही, म्हणून पूर्ण लागतं. तिसऱ्या विजयाला हात उपटला जातो आणि ग्रेंडेल मरणासन्न होऊन दलदलीकडे पळतो. विझर्डच्या जादूचं नुकसानही पूर्ण धरा. पण हिट पॉइंट ३४ च्या खाली गेले की ग्रेंडेल पळू लागतो आणि दुसऱ्या रात्री भरल्या अंगाने परत येतो. त्याला रोखते ती फक्त पकड, कारण ग्रॅपल्डची चाल शून्य असते. म्हणजे एकाने धरायचं आणि दुसऱ्याने भाजायचं. २०२४च्या नियमांत पकड ग्रेंडेलच्या स्ट्रेंग्थ (बळ) किंवा डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्हवर, म्हणजे बचावाच्या फाशावर ठरते (या फायटरसाठी डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १४). तिथे त्याला या दोन्ही सेव्हची प्रोफिशियन्सी देऊ नका.

हे सगळं खेळाडूंना कळलं पाहिजे, आणि लढतीआधी कळलं पाहिजे. निदान तीन खुणा तीन वेगळ्या जागी ठेवा : सभागृहात धार न बोथटलेल्या पण वाकलेल्या तलवारी, वाचलेल्या योद्ध्याची हकीकत, आणि कवीच्या गाण्यातली एक ओळ. एकच खूण ठेवलीत तर नेमकी तीच खेळाडूंच्या नजरेतून सुटते. पहिला वार बसताच स्पष्ट सांगा, "पातं घसरलं, कातडीवर रेघसुद्धा नाही." 'लागलं' म्हणून सांगायचं आणि पडद्याआड शून्य मोजायचं, याइतका खेळाडूंचा विश्वास दुसऱ्या कशाने उडत नाही.

प्रश्न : लुइस कॅरलच्या 'जॅबरवॉकी' कवितेतला राक्षस जॅबरवॉक आणि त्याचं डोकं उडवणारी व्होर्पल तलवार. आमच्या टेबलावर वीस बाजूंच्या फाशावर वीस पडला, तरी डोकं उडालं नाही. असं का? *– एक वाचक, बेळगाव*

उत्तर : तुम्ही त्याला लेजेंडरी ॲक्शन (दुसऱ्यांच्या पाळीनंतर करायच्या जादा चाली) दिल्या असणार. व्होर्पल तलवारीच्या वर्णनातच लिहिलं आहे की फाशावर नैसर्गिक २० आला की डोकं तुटतं. पण लेजेंडरी ॲक्शन असलेल्या प्राण्याचं डोकं तुटत नाही, त्याला फक्त ६डी८ जादा नुकसान होतं, सरासरी २७. एकट्या राक्षसाला लेजेंडरी ॲक्शन द्यायची सवय बहुतेक डीएमना (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांना) असते. इथे ती ज्या कवितेतून तलवार आली, तिचाच शेवट खाऊन टाकते.

त्या काढा आणि जॅबरवॉकला दर फेरीत दोन पाळ्या द्या, एक त्याच्या इनिशिएटिव्हवर (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या आकड्यावर) आणि दुसरी त्याहून १० ने खाली. दुसरी अडचण गणिताची आहे. आठ वारांत एकदा तरी २० पडण्याची शक्यता सुमारे ३४ टक्केच असते. जॅबरवॉक निम्म्या हिट पॉइंटखाली गेला की १८ ते २० वर डोकं उडू द्या, मग तीच शक्यता ७३ टक्क्यांवर जाते. पंख मूळ कवितेत नाहीत, ते चित्रकार टेनियलच्या चित्रातून आले. उडणारा जॅबरवॉक तलवारवाल्याच्या हातीच लागत नाही, तेव्हा पंख फडफडण्यापुरतेच ठेवा. कवितेत पंजे 'पकडतात', म्हणून पंजा बसला की ग्रॅपल.

प्रश्न : 'वेताळपंचविशी'तल्या वेताळाचा स्टॅट ब्लॉक कसा करावा? *– एक वाचक, कुडाळ*

उत्तर : करूच नये. गोष्टीत राजा वेताळाशी लढत नाही, तो त्याला खांद्यावर घेऊन चालतो. त्याचं घड्याळ करा. रात्रीचे पाच तास आहेत, आणि झाडापासून जोग्यापर्यंतच्या प्रत्येक फेरीला एक तास जातो. दर फेरीत दोन मिनिटांत सांगून होईल अशी गोष्ट आणि शेवटी प्रश्न. प्रेत वाहणाऱ्याने डीसी १३ ची इनसाइट (मन ओळखण्याचं कौशल्य) फाशाने टाकायची. जमली तर डीएमने उत्तराची चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची. आता त्याला बोलावंच लागेल, नाहीतर ४डी६ सायकिक (मनावरचं) नुकसान. बोलो वा न बोलो, प्रेत झाडावर परत जातं. इनसाइट हुकली तर चिठ्ठी कोरी. उत्तर माहीतच नाही, म्हणून गप्प राहता येतं आणि जोग्यापर्यंत पोचता येतं.

ही रचना चालण्यासाठी प्रत्येक गोष्टीत जोग्याच्या कपटाची एक खूण दडवलेली हवी. मूळ कथेतही शेवटी वेताळच राजाला सावध करतो. मग लवकर पोचणारे अनभिज्ञ पोचतात आणि उशिरा पोचणारे सावध, पण पहाटेच्या तोंडावर. पाचव्या गोष्टीला चिठ्ठी नेहमी कोरी द्या आणि प्रश्नही खरोखर उत्तर नसलेला निवडा. मूळ कथेत बाप आणि मुलगा अनुक्रमे मुलीशी आणि तिच्या आईशी लग्न करतात. त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय, इथे राजा निरुत्तर होतो. तुम्ही मनात 'बरोबर उत्तर' धरून बसलात, तर खेळ तिथेच अडकेल. टेबलावर मोठ्याने उच्चारलेलं उत्तर म्हणजे दिलेलं उत्तर, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.

तुम्ही सिंधुदुर्गातले आहात, म्हणून एक गोष्ट आवर्जून. तळकोकणात आणि गोव्यात वेताळ ग्रामदैवत आहे. आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या चपला वाहतात. खेळात कथेतला वेताळ आणा, देवळातला नको. टेबलावरच्या सगळ्यांना चालेल का, हेही आधी विचारा.

प्रश्न : कादंबरीतल्या राक्षसांवरून केलेले स्टॅट ब्लॉक इंटरनेटवर विकता येतील का? *– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी*

उत्तर : कल्पना घेता येते, नाव आणि मजकूर उचलता येत नाही. आगीने भाजल्याशिवाय न मरणारा, जखमा भरून येणारा ट्रोल या खेळात पॉल अँडरसनच्या कादंबरीतून आला आणि टिकला. याउलट १९७४च्या पहिल्या आवृत्तीतले हॉबिट, एंट आणि बॅलरॉग टॉल्किनच्या हक्कधारकांच्या आक्षेपानंतर हाफलिंग, ट्रीअंट आणि बेलर झाले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. टॉल्किन १९७३ साली वारले, म्हणजे इथे २०३३ अखेरपर्यंत. तुम्ही अमेरिकेत विकणार, तर तिथला कायदा वेगळा पाहावा लागेल. 'बेओवुल्फ' मोकळं आहे, पण त्याची आधुनिक भाषांतरं मोकळी असतीलच असं नाही.

नियमांच्या मजकुरासाठी एसआरडी ५.१ (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे सगळ्यांना वापरता येणारे या खेळाचे मूळ नियम) वापरा. जानेवारी २०२३ पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे. त्यात दिलेली श्रेय-ओळ तुमच्या पुस्तिकेत जशीच्या तशी छापावी लागते. बीहोल्डर, माइंड फ्लेयर आणि डिस्प्लेसर बीस्ट यांचे स्टॅट ब्लॉक त्यात नाहीत, तेव्हा त्यांना हात लावू नका.