डी ड्राइव्ह आधी वाचवा, मग लिनक्स टाका

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं जुन्या कम्प्युटरचीच आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ जुन्या मशीनला घेत नाही (त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो), त्यामुळे चांगली चालणारी मशीनं घराघरात कपडा टाकून पडलीयेत. म्हणून आज बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त हेच घेतो, अशा मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं (मिंट हा तिचाच एक प्रकार).

प्रश्न : माझं बारावी झालंय, एमएस-सीआयटी पण केलंय. घरी २०१० चा डेस्कटॉप आहे, कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, ३२० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ७. चालू करून चहा ठेवला तर चहा पिऊन होतो तरी मशीन फिरूनच राहतं. दुकानवाले दादा म्हणे भंगारात द्या. मी लिनक्स मिंटची फाइल मोबाइलच्या नेटवर दोन दिवसात डाउनलोड केली, पेनड्राइव्हमध्ये कॉपी-पेस्ट केली, पण पेनड्राइव्ह लावून चालू केलं तरी सरळ विंडोजच येतं. आणि पप्पा घाबरून राहिले की डी ड्राइव्हमधले केळीच्या पट्ट्यांचे (विक्रीच्या पावत्यांचे) हिशोब आणि ताईच्या लग्नाचे फोटो जातील. दुकानात फॉरमॅट मारतात तेव्हा डी तसाच राहतो, मग लिनक्स टाकताना पण राहील ना?
– एक विद्यार्थिनी, फैजपूर

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण बाकी सगळं चुकलं तर परत करता येतं, हे एक चुकलं तर येत नाही. नाही, डी आपोआप राहणार नाही. दुकानात फॉरमॅट मारताना फक्त सी पुसतात म्हणून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय की डी म्हणजे तिजोरी. पण सी आणि डी ह्या दोन वेगळ्या वस्तू नाहीत, एकाच हार्ड डिस्कचे ते दोन भाग आहेत, एका शेताचे बांध घालून दोन तुकडे केल्यासारखे. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये ‘इरेझ डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट’ असा एक पर्याय येतो, दिसायला सगळ्यात सोपा, आणि तिथे डिस्क म्हणजे आख्खी डिस्क, बांधासकट. शिवाय लिनक्समध्ये सी-डी अशी नावं दिसतच नाहीत, एसडीए म्हणजे पूर्ण डिस्क आणि एसडीए१, एसडीए२ म्हणजे तिचे भाग, नवीन माणूस इथेच गोंधळतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. मामांच्या मशीनवर मी पहिल्यांदा लिनक्स टाकलं तेव्हा हाच ‘इरेझ डिस्क’चा पर्याय निवडला होता. त्यांच्या डी ड्राइव्हमध्ये आजीच्या आवाजातली कानबाईची गाणी होती, श्रावणात रोट असतात तेव्हा कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करून तिथे टाकलेली, आणि आजी तोवर गेलेली होती. फोटोरेक नावाच्या फुकट प्रोग्रामने रात्रभर डिस्क खरवडून काही फाइली परत काढल्या, त्यांची नावं गेलेली, काही अर्ध्यातच तुटलेल्या. एका गाण्यात आजी सुरुवात करते, मागच्या बाया सूर उचलतात आणि तिथेच फाइल संपते. मामा एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून कुणाचंही मशीन हातात घेतलं की माझा पहिला प्रश्न असतो, कॉपी कुठेय?

तर आधी कॉपी. पट्ट्यांच्या एक्सेल फाइली काही एमबीच असतील, त्या पेनड्राइव्हवर घ्या आणि स्वतःला ईमेलपण करून ठेवा, लग्नाचे फोटो मोठ्या पेनड्राइव्हवर किंवा कुणाची बाहेरची हार्ड डिस्क मागून त्यावर घ्या. डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्समध्ये पडलेलं विसरू नका, ते सी मध्ये असतं. कॉपी झाली म्हणून लगेच समाधान मानू नका, तो पेनड्राइव्ह शेजारच्या कम्प्युटरला लावा आणि पाच-सहा फोटो, दोन-तीन पट्ट्या खरोखर उघडून बघा, फोल्डर दिसतोय म्हणजे फाइल चांगली आहे असं नसतं. हे सगळं पप्पांना शेजारी बसवून करा, त्यांनी स्वतः बघितलं की त्यांची भीती जाईल.

आता पेनड्राइव्ह का चालत नाहीये. तुम्ही आणलेली फाइल आयएसओ आहे, ती डबा बंद असल्यासारखी असते, कॉपी-पेस्ट केली तर डबाच पेनड्राइव्हवर जातो, उघडत नाही. ती पेनड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते. विंडोजवर त्यासाठी रूफस नावाचा छोटा फुकट प्रोग्राम मिळतो, त्याच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत म्हणून एकतर रूफसची जुनी ३.२२ आवृत्ती घ्या नाहीतर मैत्रिणीच्या विंडोज १० वर बसून हे काम करा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरेसा आहे, त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून ज्याच्यावर पट्ट्या घेतल्या तोच ह्या कामाला लावू नका!! तुमचं मशीन २०१० चं, म्हणजे जुन्या बायोसचं (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम), तर रूफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा. आणि एक, तुम्ही मोबाइलच्या नेटवर दोन दिवसात फाइल उतरवली, तीन जीबीच्या आसपासची फाइल आणि रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक, मधेच तुटली असेल तर फाइल अर्धवट असू शकते. मिंटच्या साइटवर त्या फाइलचा एसएचए२५६ नंबर दिलेला असतो, तो जुळवून बघा, नाही जुळला तर टोरंटने उतरवा, तिथे रात्री पॅक संपला तरी दुसऱ्या दिवशी जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं.

मग पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करताना बूट मेनूचं बटण सारखं दाबत रहा. गिगाबाइटच्या मदरबोर्डला एफ१२, आसूसला एफ८, इंटेलच्या स्वतःच्या बोर्डला एफ१०, सुरुवातीला काळ्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात लिहून येतं ते वाचा. तिथे पेनड्राइव्हचं नाव निवडा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, लिनक्स टाकू नका. म्हणजे लगेच टाकू नका. मिंट पेनड्राइव्हवरूनच पूर्ण चालतं, हार्ड डिस्कला हात न लावता. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ असं चिन्ह दिसेल, त्याला दोन-तीन दिवस क्लिकच करायचं नाही. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट सुरू होतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. गाणं लावा, आवाज येतो का बघा. प्रिंटर असेल तर जोडा. पप्पांना लिब्रे ऑफिसमध्ये (एक्सेलच्या फाइली उघडणारा प्रोग्राम) त्यांची पट्टी उघडून द्या, बेरजा बरोबर येताय का ते त्यांनाच बघू द्या, सातबाराची साइट उघडून द्या. पेनड्राइव्हवरून चालतंय म्हणून थोडं हळू वाटेल, त्यावरून वेग ठरवू नका, काय चालतं आणि काय नाही एवढंच बघायचं. बंद केलं की यातलं काही लक्षात राहत नाही, विंडोज होतं तसंच.

तुमचं मशीन ‘३२-बिट’ दाखवत असेल तरी घाबरू नका, ती नोंद बसवलेल्या विंडोजची असते, कोअर टू ड्युओ सगळे ६४-बिटच आहेत. मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या, ती २ जीबी रॅमवर चालते, पण मिंटवाले स्वतः ४ जीबी सुचवतात आणि माझंही तेच मत आहे, कारण आजकाल सगळ्यात जास्त रॅम ब्राउजर खातो, लिनक्स नाही. २ जीबीवर चार टॅब उघडले की परत चहा ठेवायची वेळ येईल. तुमच्या वेळच्या बऱ्याच बोर्डांना डीडीआर२ ही जुन्या प्रकारची रॅम लागते, ती नवीन मिळणं अवघड, जळगावला जुनं सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारा, आणि बोर्ड जी३१ चिपसेटचा असेल तर ४ जीबीच्या वर जात नाही.

पण पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर एसएसडीवर (आत काही फिरत नाही अशी वेगवान डिस्क) घाला. चालू व्हायला चहाएवढा वेळ लागतो तो मुख्यतः जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे, प्रोसेसर बिचारा नुसता वाट बघत बसलेला असतो. आणि एसएसडी घेतला तर तुमचा डी ड्राइव्हचा प्रश्न मुळातूनच सुटतो. सीपीयूची वायर भिंतीतून काढा, डबा उघडा, धूळ ब्रशने साफ करा (आपल्याकडे कापसाचे तंतू आणि उन्हाळ्याची धूळ मिळून पंख्यावर नमदा जमतो), जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा आणि फक्त एसएसडी जोडून लिनक्स टाका. आता बिनधास्त ‘इरेझ डिस्क’ करा, जी डिस्क जोडलेलीच नाही ती पुसली जाऊ शकत नाही. झालं की जुनी डिस्क परत जोडा, फाइल मॅनेजरमध्ये तुमचा डी आतल्या सगळ्या फाइलींसकट उघडेल. हाच रस्ता मी आता सगळ्यांना सांगतो.

इन्स्टॉल करताना लाइट जाणार नाही अशी वेळ बघा, भारनियमनाचं वेळापत्रक तुम्हाला पाठच असेल. गेलीच तर मशीन बिघडत नाही, पेनड्राइव्हवरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, एवढंच.

प्रश्न : माझ्याकडे भावाचा जुना छोटा नेटबुक आहे, इंटेल अ‍ॅटम एन२७०, १ जीबी रॅम. यावर मिंट टाकलं तर पोराच्या ऑनलाइन क्लासला चालेल का?
– एक पालक, साक्री

उत्तर : भाऊ, ऑनलाइन क्लासला नाही चालणार, खोटी आशा देत नाही. एन२७० हा खरा ३२-बिट प्रोसेसर आहे आणि मिंटची मुख्य आवृत्ती फक्त ६४-बिट आहे. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारानेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट मशीनसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं, फायरफॉक्सनेही त्याच वर्षी ३२-बिट लिनक्स सोडलं. अँटीएक्स २३ या आणखी एका लिनक्सची ३२-बिट आवृत्ती त्यावर चालेल, फार हलकी आहे, पण व्हिडिओ आणि ब्राउजरचं काम १ जीबीत अंगावर येतं. पोरगं किती वर्षांचं ते लिहिलं नाही, पण टायपिंग शिकायला, पायथनचे छोटे प्रोग्राम लिहून बघायला, गाणी ऐकायला तो नेटबुक मस्त आहे, आणि पोराला स्वतःचं असं एक मशीन मिळतं जे बिघडलं तरी कुणी रागावणार नाही. क्लाससाठी मात्र सेकंडहँड ६४-बिट लॅपटॉप ४ जीबीचा बघा.

प्रश्न : डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, बॅनर. मशीन जुनं झालंय. लिनक्स टाकू का? श्रीलिपीच्या फाइली चालतील का?
– एक व्यावसायिक, दोंडाईचा

उत्तर : दादा, धंद्याच्या मशीनवर नका टाकू. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप लिनक्ससाठी येतच नाहीत, त्यांच्या जागी इंकस्केप आणि गिंप चांगले आहेत पण लग्नसराईत गिऱ्हाईक समोर उभं असताना नवीन प्रोग्राम शिकता येत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटच्या फाइलींचा घोळ तर वेगळाच, त्या युनिकोडच्या (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नाहीत, तो फाँट नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, आणि हे लिनक्समुळे नाही, दुसऱ्या विंडोजवरही तसंच होतं. नवीन काम युनिकोडमध्ये सुरू करा, तो मजकूर कुठेही जसाच्या तसा उघडतो, लिनक्समध्येही मराठी कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटात जोडता येतो. प्रिंटरचंपण बघून घ्या, एचपीचे बरेच प्रिंटर मिंट लगेच ओळखतं, पण दुकानादुकानात दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० स्वतःहून ओळखला जात नाही, त्याला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो आणि नवीन माणसाला ते जड जातं. हात बसवायचाच असेल तर घरच्या मशीनवर बसवा.

प्रश्न : तुमचं वाचून मिंट टाकलं, झकास चालतंय, पण रोज सकाळी एकही साइट उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. दुपारी आपोआप नीट होतं. व्हायरस आहे का?
– एक निवृत्त शिक्षक, चाळीसगाव

उत्तर : गुरुजी, व्हायरस नाही, कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख मागे गेलेली असण्याची शक्यता जास्त. मदरबोर्डवर साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा दिसणारा गोल सेल असतो, सीआर२०३२, तो संपला की रात्री बटण बंद केल्यावर मशीन तारीख विसरतं, आणि साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात म्हणून ब्राउजर अडवतो. पुढे नेटवरून वेळ आपोआप जुळली की सगळं सुरळीत, म्हणून दुपारी नीट होतं. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वायर काढून, जुना सेल कोणत्या बाजूने बसवलाय त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून, मग बदला. नंतर एकदा बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ टाका आणि सेव्ह करून बाहेर या.